अप्पा तारेत असताना

कंपनीनं आमचं इंटरनेट कापलं तेव्हा माझे सासरे तारेत होते.

बार्शीत घरोघरी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, त्या दिवसांतली ही गोष्ट. तेव्हा आत जायचं तर आधी फोन मोकळा लागायचा. मोडेमची किर्रकिर्र सुरू झाली की चपला काढून टेबलापाशी बसायचं. किर्रकिर्र थांबून लांब सुस्काऱ्यासारखा आवाज आला की मोडेमवर तळहात ठेवायचा, आणि माणूस आत जायचा. कुणाला रेल्वेचं आरक्षण बघायचं असायचं, कुणाला परदेशातल्या भावाला भेटून यायचं असायचं. काम झालं की लोक परत यायचे. आमचे अप्पा मात्र सकाळी लिंगपूजा आटोपून आत जायचे ते दिवेलागणीला बाहेर यायचे, आणि पुढंपुढं तर दिवेलागणीलाही येईनात.

अप्पा म्हणजे सिद्रामप्पा हिंगमिरे. पेठेतलं भांड्यांचं दुकान त्यांनी सगळी उमर चालवलं आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते माझ्या नवऱ्याच्या, रेवणसिद्धच्या हवाली केलं. घरात बसून त्यांना करमेना. बुद्धिबळाचा नाद होता, पण पेठेतले जोडीदार एकेक करून मुलांकडं पुण्याला निघून गेलेले. मग आत त्यांना पावो भेटला. फिनलंडचा, त्यांच्याच वयाचा. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि दोघांचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. अडचण एकच होती. पावो फार विचार करायचा. एक प्यादं पुढं सरकवायला त्याला अख्खा दिवस लागायचा, आणि वजिराला हात लावायचा असेल तर विचारूच नका.

"मग तोवर घरी येऊन जेवून जावं ना," मी एकदा म्हटलं.

"समोरचा माणूस विचार करतोय आणि आपण उठून भाकरी खायला जायचं, हे बरं दिसतं का महानंदा?" अप्पा म्हणाले. "त्याला वाटेल, याला घाई झालीय. घाईघाईत चुकीची चाल करील. मग त्या डावाला काय अर्थ?"

म्हणून आम्ही वायुवेग नेट कंपनीची 'अमर्याद' योजना घेतली. तिच्या जाहिरातीत एक बाई हसत हसत तारेत शिरताना दाखवली होती, आणि खाली लिहिलं होतं, 'हवं तेवढं राहा.' अप्पा राहिले.

जेवण मी मोडेमवर ठेवून पाठवायची. पातळ पदार्थ चटकन जायचे. आमटी ओतल्याबरोबर आत, ताकही तसंच. भाकरीला वेळ लागायचा. ज्वारीची भाकरी ठेवली की ती कडेनं हळूहळू कमी होत जायची आणि पलीकडं अप्पा ती तितक्याच हळू काढून घ्यायचे. त्यासाठी त्यांना पट सोडून फाटकापर्यंत यावं लागायचं. आत एक फाटक असतं, कंपनीचं. त्याच्या अलीकडं आपली तार, पलीकडं सगळं जग. भाकरी घ्यायला येतानाही अप्पा पावोकडं बघून हात जोडून यायचे म्हणे.

त्या दिवशी दुपारी मी भाकरी ठेवली. ती निम्मी आत गेली आणि थांबली. मोडेमचे दिवे विझले. मी उरलेली निम्मी उचलून बघितली, तर कातरीनं कापल्यासारखी सरळ रेघ.

तेवढ्यात फोन वाजला. ध्वनिमुद्रित बाईचा गोड आवाज होता. "वायुवेगच्या अमर्याद परिवारात आपण दाखवलेल्या उत्साहाबद्दल आभार. आपला वापर इतर ग्राहकांच्या मानानं जास्त आढळल्यामुळे आपली सेवा या क्षणापासून बंद करण्यात येत आहे. आपला दिवस शुभ जावो."

"अहो, पण आत माणूस आहे," मी म्हटलं.

"आपला दिवस शुभ जावो," ती पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर परत कानाला लावला. नेहमीची पींऽ ऐकू आली, आणि तिच्या मागं खरखर. खरखर एका बाजूनं यायची, दुसऱ्या बाजूला जायची, थोडी थांबायची आणि परत फिरायची. अप्पांच्या येरझारा मी बारा वर्षं ऐकत होते. मला ओळखायला वेळ लागला नाही.

"अप्पा?"

खरखर थांबली. "महानंदा, फाटक लागलंय," अप्पांचा आवाज लांबून आला. "मी अलीकडं राहिलो. पट तिकडं आहे."

"तुम्ही बरे आहात ना? भाकरी मिळाली का?"

"अर्धी मिळाली. ते राहू दे. पावोचा हात घोड्यावर होता गं. मी उठलो तेव्हा अगदी घोड्यावर होता. आता त्यानं चाल केली असली तर? मी जागेवर नाही, हे बघून काय म्हणेल तो?"

मी दुकानात निरोप धाडला. हे आले ते घामाघूम. आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की संकट आलं की त्यांना बसता येत नाही. त्यांनी आधी मोडेम हलवून बघितला, मग पंख्याची बटणं लावली आणि बंद केली, मग बाहेर जाऊन टेलिफोनच्या खांबाखाली उभे राहिले आणि वर तोंड करून ओरडले, "अप्पाऽ!"

रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थांबले आणि तेही वर बघायला लागले.

"कोण अडकलंय?" एकानं विचारलं.

"वडील."

"कुठल्या तारेत?"

"तेच बघतोय," हे म्हणाले. खांबावरून बऱ्याच तारा जात होत्या.

मी चपला घातल्या आणि कंपनीच्या कचेरीत गेले. कचेरी बसस्टँडसमोर, एका फोटो स्टुडिओच्या वर होती. ग्राहक सेवेच्या टेबलाशी गुंड मॅडम बसल्या होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं मऊ. त्यांनी मला आधी पाणी दिलं. वाईट बाई नव्हती ती, हे मी मुद्दाम सांगते.

"माझे सासरे तारेत आहेत," मी सांगितलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "असं दुपारचं? रोज घेतात का?"

"तसं नाही हो. तुमच्या तारेत आहेत. तुम्ही कनेक्शन कापलं तेव्हा ते आत होते."

"अच्छा, तसं," त्या म्हणाल्या आणि त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. कॉम्प्युटरवर नाव बघितलं. "हिंगमिरे. हो. फारच वापर आहे यांचा."

"योजना अमर्याद आहे ना पण?"

"अमर्यादच आहे. पण अमर्याद सगळ्यांनी थोडं थोडं वापरायचं असतं. आमच्याकडं लाइनी मोजक्या आहेत आणि ग्राहक भरपूर. लग्नाच्या पंगतीत वाढपी 'घ्या, घ्या' म्हणतो म्हणून कुणी संध्याकाळपर्यंत पाटावर बसून राहतं का?"

"पण ते काही वापरत नव्हते. नुसते बसले होते. समोरच्याची वाट बघत."

गुंड मॅडमनी पेन खाली ठेवलं. हा मुद्दा त्यांच्या मनाला लागलेला दिसला. "ताई, तुम्हाला म्हणून सांगते. वाट बघण्यासारखा जड वापर दुसरा नाही. चित्र बघणारा चित्र बघून जातो. पत्र वाचणारा वाचून जातो. वाट बघणारा लाइन सोडतच नाही. आमची निम्मी लाइन वाट बघणाऱ्यांनीच अडवलेली असते."

मी म्हटलं, "बरं, आता त्यांना बाहेर काढायचं कसं? थोडा वेळ जोडून द्या."

"कापलेलं कनेक्शन जोडायला ग्राहकाची सही लागते."

"ग्राहक तारेत आहेत."

"बाहेर आले की घ्या सही."

"बाहेर यायला कनेक्शन लागतं."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि त्यासाठी सही लागते."

"मग माझ्या नावावर नवीन द्या."

"तुमच्या पत्त्यावर जास्त वापराचा शेरा पडलाय. त्या पत्त्यावर आता कुणालाच देता येत नाही." त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "आणखी एक आहे. सांगायला नको वाटतं, पण सांगते. शनिवारी तार झाडतात."

"झाडतात म्हणजे?"

"वरून दाब सोडतात. तारेत जे काही राहिलेलं असतं, ते पुढं सरकतं. अर्धवट पत्रं, तुटलेली गाणी, असलं पुष्कळ साचतं."

"पुढं कुठं सरकतं?"

"सोलापूरला."

"आणि तिथून?"

"तिथून पुढची माहिती या कचेरीत नसते," गुंड मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. मी उठले तेव्हा त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, "तुमच्या गल्लीतून आजच खरखरीची तक्रार आली. खटावकर म्हणून आहेत. त्यांच्या फोनवर कुणीतरी फेऱ्या मारतंय म्हणे."

जिना उतरताना मला त्याचा अर्थ कळला. कुमुद खटावकर म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या काकू. आमची तार आणि त्यांची तार खांबावरच्या एकाच पेटीतून जात होती. अप्पा त्यांच्या तारेत जाऊ शकत होते. आणि काकूंकडं वायुवेगचंच कनेक्शन होतं.

काकूंची योजना मात्र मोजक्या तासांची होती. महिन्याला ठरलेले तास मिळायचे आणि ते त्या साखरेच्या डब्यासारखे जपायच्या. त्यांचा मुलगा बहारीनला, तिकडं चार महिन्यांची नात. दर रविवारी काकू इरकली नेसून आत जायच्या, नातीला थोडा वेळ मांडीवर घ्यायच्या आणि तास शिल्लक राहावेत म्हणून तिला झोप लागायच्या आधीच परत यायच्या. आल्यावर दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

मी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"अख्खा माणूस बाहेर यायला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"आत जाताना पटकन जातो. बाहेर यायला वेळ लागतो. दुसऱ्याच्या तारेतून तर जास्तच. तुमचे या महिन्याचे तास बहुतेक संपतील."

"मग नाही जमणार," काकू म्हणाल्या. "महानंदा, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण तिला आता माणसं कळायला लागलीयत. गेल्या रविवारी तिनं माझं बोट धरलं. आता महिनाभर गेले नाही तर विसरेल ती मला. अप्पा मोठे आहेत, ते काही कुणाला विसरणार नाहीत."

मी घरी आले. हे स्वयंपाकघरात सगळे पितळी डबे खाली काढून पुन्हा मांडत होते, मोठा आधी, मग लहान, मग पुन्हा लहान आधी.

पुढचे दिवस आमच्या घरात कुणी स्वस्थ बसलं नाही. हे दुकानातून दर थोड्या वेळानं घरी यायचे, रिसीव्हर उचलून खरखर आहे का बघायचे आणि परत जायचे. मी भाकरी थापताना मध्येच हात धुऊन फोनपाशी जायची. तारेत अप्पा फिरत होते. आता ते आमच्या तारेत टिकत नव्हते. कधी गल्लीच्या टोकाच्या शिलाईवाल्याकडं त्यांचा खोकला ऐकू यायचा, कधी दवाखान्याच्या फोनवर. शिलाईवाला येऊन म्हणाला, "अप्पांना सांगा, माझ्या तारेत यायला माझी ना नाही. पण गिऱ्हाईक माप सांगत असतं आणि हे मध्येच 'घोडा, घोडा' म्हणतात. परवा एकाची बाही चुकली."

मी अप्पांना शनिवारचं सांगितलं नाही. यांनी सांगितलं. बाप-लेकाचं बोलणं मी शेजारी उभी राहून ऐकलं.

"अप्पा, शनिवारी झाडणार आहेत तार. कुठंतरी घट्ट धरून बसा."

"धरायला काय आहे इथं? सगळं गुळगुळीत आहे," अप्पा म्हणाले. "रेवण, तू मला एक सांग. तुला बुद्धिबळ येतं. समज, काळ्याचा घोडा माझ्या उंटावर आला, तर तू काय करशील?"

"अप्पा, तुम्हाला डावाचं पडलंय? मी इकडं वेडा व्हायची पाळी आलीय!"

"अरे, मग मी इथं दुसरं कशाचं बघू?" अप्पांचा आवाज पहिल्यांदा कापला. "इथं अंधार आहे. येऊन जाऊन लोकांची बोलणी अंगावरनं जातात. कुणाचं पोट दुखतंय, कुणाची मुलगी नांदत नाही. मला एकट्याला काय करायचंय त्यांचं? डाव डोक्यात असला की मी कुठंतरी आहे असं वाटतं."

यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि मागच्या अंगणात निघून गेले. मग मी ऐकलं, हे तिथं फरशी धुवत होते. फरशी सकाळीच धुतलेली होती.

शुक्रवारी दुपारी खटावकर काकू स्वतः आमच्या दारात आल्या. हातात छत्री, चेहरा रागावलेला.

"तुझ्या सासऱ्यांना काही समजतं की नाही?" त्या म्हणाल्या. "मी गॅसच्या नंबरासाठी फोन उचलला, तर तारेतून म्हणतात, काकू, तुमचं बाळ जागं आहे."

"कुठलं बाळ?"

"माझी नात. मुलानं परवा घरी फोन केला होता, तेव्हा ती मागं रडत होती. तिचं रडणं म्हणे अजून तारेत घुमतंय. अप्पा त्याच्यापाशी बसून अंगाई म्हणत होते. कानडीत! दोन दिवस झाले, म्हणतात, थांबत नव्हतं, आत्ता कुठं शांत झालंय." काकूंनी छत्री दाराला टेकवून ठेवली आणि ती लगेच पडली. ती त्यांनी उचलली नाही. "शनिवारी झाडणार म्हणजे तेही जाणार ना सोलापूरला?"

"जाईल बहुतेक."

"चला मग," काकू म्हणाल्या. "आत्ता. रेवणला बोलव दुकानातून. माणूस धरायला पुरुष लागेल एखादा."

काकूंच्या पुढच्या खोलीत मोडेम होता, त्यावर क्रोशाचं झाकण. त्यांनी झाकण काढलं, घडी घातली आणि फोन लावला. किर्रकिर्र झाली. सुस्कारा आला. मी हाक मारली, "अप्पा, फाटक उघडलंय. या."

खरखर एकदम थांबली. आम्ही तिघं मोडेमकडं बघत बसलो. हे उभेच होते. काही झालं नाही.

"निघाले का?" काकूंनी विचारलं.

"निघाले असतील. यायला वेळ लागतो."

बराच वेळ गेला. काकूंच्या भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं चालायचं. यांनी खिडकी उघडली, बंद केली.

"महानंदा," हे शेवटी म्हणाले, "फाटक दोन्हीकडं उघडतं. ते पटाकडं गेले असणार."

तसंच झालं होतं, हे नंतर कळलं. पण त्या वेळी काकूंचा चेहरा बघवेना. मोडेमवरचा दिवा जितक्यांदा मिणमिणायचा तितक्यांदा त्यांचे ओठ हलायचे. आपले तास जाताना बघत होत्या त्या. हे तर मोडेमला तोंड लावून ओरडायला लागले, "अप्पा, लोकाचं घर आहे! लोकाचे तास आहेत!"

मग मोडेमच्या वर, खुर्चीच्या उंचीवर काहीतरी दिसायला लागलं. त्या काळी इंटरनेटवरची चित्रं वरून खाली एकेक रेघ उमटत यायची, तसंच माणसाचं व्हायचं. आधी टोपी येणार, मग कपाळ, मग भुवया. आम्ही पुढं सरकलो. टोपी आली. लोकरीची होती, निळी, वर गोंडा.

"ही अप्पांची टोपी नव्हे," हे म्हणाले.

खाली गोरं कपाळ आलं. मग पांढऱ्या भुवया, मग बंद डोळे, मग जाड नाक. एकेक रेघ येत होती. दाढी यायला फार वेळ लागला, कारण ती दाट होती. मग स्वेटर, मग मांडी, मांडीवर बुद्धिबळाचा पट, सगळे मोहरे जागच्या जागी, आणि एका घोड्यावर दोन बोटं टेकलेली. पावो आला होता. तो विचार करत होता. त्यानं डोळे उघडून काकूंच्या खोलीकडं एकदा बघितलं, मान किंचित झुकवली आणि पुन्हा पटाकडं नजर लावली.

"अहो, हे कोण?" काकू म्हणाल्या.

"पाहुणे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्याच्या मागोमाग अप्पांची पांढरी टोपी दिसायला लागली. ती अर्धी आली आणि काकू म्हणाल्या, "आता तास थोडेच उरलेत." अप्पांचं तोंड आल्याबरोबर ते बोलायला लागले, "काकू, माफ करा. पाहुण्याला मागं ठेवून मी पुढं कसा येणार?" हनुवटीच्या खाली तेव्हा काहीच नव्हतं. छाती आली, कोट आला, पोट आलं. गुडघ्यांपाशी येऊन सगळं थबकलं. मोडेमचा दिवा तांबडा झाला. यांनी अप्पांना काखेत धरलं आणि काकूंनी यांना कमरेला धरलं, आणि दोघांनी मिळून ओढलं. पावलं सुटताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला. अप्पा बाहेर पडले, आणि लाइन गेली.

अप्पा जमिनीवर बसून धापा टाकत होते. अंगाला तारेचा वास येत होता, तांब्याचा. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढली.

"काकू, हात पुढं करा," ते म्हणाले. काकूंनी दोन्ही हातांची ओंजळ केली. अप्पांनी मूठ उघडली. खोलीत एका बाळाचा आवाज झाला, आता रडण्याचा नव्हता, झोपेत पोरं करतात तसा हुंकार. तेवढाच. काकू ओंजळ तशीच धरून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

सोमवारी गुंड मॅडम पाहणीला आल्या. काकूंच्या खात्यावर दोन माणसं उतरल्याची नोंद झाली होती. नियम असा, की ज्या कनेक्शनवर माणूस उतरतो तो त्या घरचा. अप्पांना म्हणून आमच्या घरी परत येता येईना. पावोचा तर प्रश्नच नव्हता. गुंड मॅडमनी दोघांची नावं लिहून घेतली आणि पटासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय करतायत?"

"वाट बघतायत," मी म्हटलं. "तारेच्या बाहेर."

"तारेच्या बाहेर असेल तर आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. पण निघाल्या नाहीत. थोड्या वेळानं वाकून मला हळूच विचारलं, "तो घोडा का हलवत नाहीत ते?"

"विचार करतायत."

"पण समोरच तर घर मोकळं आहे!" असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या आणि कचेरी सुटेपर्यंत बसल्या.

तेव्हापासून डाव काकूंच्या पुढच्या खोलीत चालू आहे. मी दोन्ही वेळचं जेवण रस्ता ओलांडून पोचवते. पावोला शेंगाची चटणी सोसते. काकू दिवसभर कुरकुर करतात, की पायात पाय येतात, की अंगणात लोकरीची टोपी वाळत घातलेली बरी दिसत नाही. नवा महिना लागला, तास मिळाले, आणि काकू रविवारी इरकली नेसून बहारीनला जाऊन आल्या. आमचे हे दुकान बंद करून थेट तिकडंच जातात आणि अप्पांच्या मागं उभे राहतात. बसत अजूनही नाहीत.

परवा संध्याकाळी काकू देवळात गेल्या होत्या आणि मी भांडी न्यायला आले होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. मी उचलला. लांबून एका बाईचा आवाज आला. ती काय म्हणत होती ते मला कळेना, पण त्यात दोनदा 'पावो' आलं. माझ्याच वयाची असावी. मुलगी असेल, नाहीतर सून.

मी रिसीव्हर पावोच्या कानाजवळ नेला. त्याची बोटं घोड्यावरच होती. त्यानं मान हलवली, आत्ता नको, अशी. अप्पांनीही माझ्याकडं बघून तशीच मान हलवली.

"विचार करतायत," मी फोनवर म्हटलं.

पलीकडं ती काहीतरी एका शब्दात बोलली आणि तिनं उसासा टाकला. तो मला नीट कळला. तिच्याकडं मागं नळ वाहत होता आणि कुणीतरी ताटं मांडत होतं. तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आम्ही दोघी बराच वेळ तशाच लाइनवर राहिलो.